सातबाऱ्यावर भावाचं नाव आहे म्हणून बहिणीचा हिस्सा जात नाही

कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सातबाऱ्यावर नाव त्याची जमीन, विकायला बहिणींची सही लागत नाही, 2005 च्या आधी लग्न झालेल्या किंवा वडील वारलेल्या मुलींना हक्कच नाही, खरेदीपत्र रजिस्टर झालं की विषय संपला, आणि बारा वर्षं गेली तर बोलायचंच नाही. म्हैसाळ, टेंभू उपसा योजनांचं पाणी आल्यापासून जिरायतीला भाव आलाय, त्यामुळं असलं काही वाचलं की लोकांना लगेच पटतं. पण हे चुकीचं आहे आणि यापायी बायकांचा हक्काचा वाटा जातोय म्हणून लिहायला बसलोय.

सातबारा म्हणजे महसुलाचं रेकॉर्ड. नोंद खरी धरतात, पण उलटा पुरावा आला की ती टिकत नाही, मालकी शेवटी दिवाणी कोर्टच ठरवतं. घरातले जुने फेरफार, म्हणजे नावबदलाच्या नोंदी, काढून बघा, आजोबा वारल्यावर थोरल्याचं नाव लागलेलं असतं आणि पुढं बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीनं नाव लावून बसलेला, एकटा मालक नव्हे. बहिणींची नावं कित्येक ठिकाणी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली असतात, त्यानंही हिस्सा कमी होत नाही. आता एकत्र कुटुंबाचा कर्ता कर्ज, आजारपण, लग्न अशा खऱ्या गरजेसाठी वडिलोपार्जित जमीन विकू शकतो हे खरंय, पण तशी गरज होती हे दाखवायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. प्लॉटिंगवाल्यानं चांगला रेट दिला ही गरज नाही.

2005 चं म्हणाल तर हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची. सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मानं आहे, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. लग्न कधी झालं यानंही फरक पडत नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली विक्री किंवा वाटप या दुरुस्तीच्या जोरावर उकरता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि वडिलांची स्वतः कमावलेली जमीन असेल, ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलीला मुलाइतका वाटा 1956 च्या कायद्यापासूनच आहे.

रजिस्टर झालं की संपलं, हे तर घेणाऱ्यालाच बुडवणारं. खरेदीपत्र नोंदवणारा दुय्यम निबंधक मालकी तपासत बसत नाही. भावानं सगळा गट नंबर विकला तरी साधारणपणे त्याचा स्वतःचा हिस्साच जातो, घेणारा त्याच्या जागी सहहिस्सेदार होतो आणि नेमका तुकडा हवा तर त्याला वाटप करून घ्यावं लागतं. दलाल म्हणतो "बहिणींचं आम्ही बघतो", तिथंच थांबा.

आणि हे बघणं म्हणजे काय ते मला सगळ्यात जास्त लागतं. भाऊबीजेला आलेल्या आक्कापुढं कागद ठेवायचा, वरचा भाग दुमडलेला, सहीपुरती जागा दिसेल असा, "सोसायटीच्या कर्जाला लागतीय" म्हणायचं, साडीचोळी करायची आणि माहेर तुटेल या भीतीनं ती विचारत पण नाही. नुसत्या नोटरीवर केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही, ते रजिस्टर करावं लागतं. फसवून रजिस्टर करून घेतलं असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं, म्हणून "भावाविरुद्ध कसं जाऊ" करत वर्षं घालवू नका.

बारा वर्षांचं अर्धवट आहे. एका भावाची वहिवाट सगळ्या सहहिस्सेदारांसाठी धरली जाते, तुझा हिस्साच नाही असं उघड नाकारल्याशिवाय नुसती वर्षं मोजून हक्क जात नाही. विक्री झाली, तिसरा माणूस शेतात उतरला की मात्र मुदतीचा प्रश्न येतो.

फेरफाराची नोटीस सरकारच्या 'आपली चावडी' या वेबसाइटवर बघायला मिळते, हरकतीला 15 दिवस असतात. तलाठ्याकडं लेखी हरकत द्या, पोच घ्या. तरी नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडं 60 दिवसांत अपील. पण खरा इलाज म्हणजे दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि मनाईचा अर्ज, आणि दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर केस चालू आहे अशी, नोटीस रजिस्टर करून घ्या, वकील विसरला तर आठवण करा, कारण महाराष्ट्रात ती नोंदवलेली नसली तर केस चालू असताना जमीन पुढं तिसऱ्याला विकली जाते आणि तो म्हणतो मला माहीतच नव्हतं.