‘पटकथा लिहिली म्हणजे अर्धं दिग्दर्शन झालं’ – हे खरं नाही

लेखकांच्या गटांमध्ये एक मजकूर हिरिरीने पुढे पाठवला जातोय. त्याचा आशय असा: सिनेमा कागदावरच घडतो, दिग्दर्शक फक्त तो चित्रित करतो. टीव्हीसाठी शेकडो भाग लिहिलेल्याला सेट नवा नसतो. आपल्या ओळी वाचवायच्या तर आपणच दिग्दर्शक व्हावं. आणि पटकथा दमदार असली की निर्मात्याला संधी द्यावीच लागते. लेखकाने दिग्दर्शनात जरूर यावं. पण हे चार समज घेऊन आलेला लेखक पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत अडकतो.

‘सगळं कागदावर असतं.’ काय घडतं ते कागदावर असतं. कुठून आणि किती वेळ पाहायचं ते नसतं. एक साधी ओळ घ्या: ‘ती पत्र वाचते. तो परत येणार नाही, हे तिला कळतं.’ शेड्यूल करताना पानाचे आठ भाग धरतात, त्यात ही ओळ जेमतेम एक अष्टमांश पान. आता ती चित्रित करा. प्रेक्षकाने पत्र वाचायचं आहे का? असेल तर पत्राचा वेगळा शॉट लागतो, आणि तो चारेक सेकंदच टिकणार असेल तर मजकूर आठ-दहा शब्दांचा आणि ठळक अक्षरात हवा. लेखकाने तिथे आठ ओळींचं सुंदर पत्र लिहून ठेवलेलं असतं. मग तिचा चेहरा. वाचणाऱ्या माणसाची नजर खाली असते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर नुसत्या पापण्या दिसतात. तो खाली घ्यावा लागतो, नाहीतर पत्र जरा वर धरायला सांगावं लागतं. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग सलग टिपणारा रुंद शॉट) तिने पत्र डाव्या हातात धरलं आणि क्लोज-अपमध्ये उजव्या, तर एडिटला ते दोन शॉट जोडता येत नाहीत. आणि ‘कळतं’ ते नेमकं कधी? पत्र वाचून संपल्यावर, की ती तीच ओळ पुन्हा वाचायला जाते तेव्हा? पटकथेत या प्रश्नाचं उत्तर नसतं. सेटवर मात्र सगळे ते दिग्दर्शकाला विचारतात.

वेळेचं गणितही मांडून पाहा. १२ तासांची शिफ्ट. जेवणाचा १ तास आणि पहिलं लायटिंग लागेपर्यंत दीड तास वजा केला की साडेनऊ तास उरतात. कॅमेरा उलट्या बाजूला नेला की लायटिंग बदलायला ३०-४० मिनिटं, नुसती लेन्स बदलली तर १०. सरासरी २५ मिनिटं धरली तर दिवसाला २२-२३ सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि लायटिंगची तितक्याच वेळा नवी मांडणी. त्यात चार पानं संपवायची आहेत. दोन माणसांचा संवाद मास्टर, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे पाहणारे दोन आणि दोन क्लोज-अप अशा पाच सेटअपमध्ये होतो. जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं बसवली की प्रत्येकाची नजर कोणाकडे, कॅमेऱ्याच्या कोणत्या बाजूला, हे सांभाळता सांभाळता सेटअप दुप्पट-तिप्पट होतात. म्हणून शॉटची यादी करताना प्रत्येक शॉटपुढे ‘हवाच’, ‘असावा’, ‘वेळ उरला तर’ असं लिहून ठेवावं आणि ‘हवाच’ आधी उरकावेत. मुख्य सहायक दिग्दर्शक संध्याकाळी पाच वाजता तेच विचारायला येतो.

‘टीव्हीवाल्याला सेट नवा नसतो.’ कोणत्या टीव्हीवाल्याला? दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं लिहितात, आणि संवाद-लेखकाचं पान सेटवर पोचतं तेव्हा तो पुढच्या भागात गुंतलेला असतो. अमेरिकी टीव्हीत लेखक-निर्माता प्रमुख असतो. तिथे आपल्या भागाच्या चित्रीकरणाला आणि संकलनाला बसलेला लेखक खरंच पुष्कळ शिकतो. पण लहान सीझन आणि चित्रीकरणाआधीच संपणाऱ्या लेखन-खोल्यांमुळे (जिथे लेखक एकत्र बसून मालिका लिहितात) तीच वाट आक्रसत गेली. २०२३ मध्ये तिथल्या लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला, तेव्हा हीसुद्धा एक तक्रार होती. तेव्हा भाग किती लिहिले यापेक्षा किती भागांच्या एडिटला बसलात, हे विचारा.

‘ओळी वाचवायला दिग्दर्शक व्हा.’ इथे हमखास हॉलिवूडचा लेखक-दिग्दर्शक बिली वाइल्डर याचं नाव घेतात. ‘होल्ड बॅक द डॉन’मध्ये नायकाने झुरळाशी बोलायचा प्रसंग त्याने लिहिला होता. नट शार्ल ब्वाये याने तो करायला नकार दिला, दिग्दर्शकाने ऐकून घेतलं आणि वाइल्डर भडकला. हे खरंच. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. १९४१ च्याच ‘बॉल ऑफ फायर’च्या वेळी तो दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचं काम शिकण्यासाठी सेटवर बसून राहिला. १९४२ मध्ये हॉलिवूडमधला स्वतःचा पहिला चित्रपट करताना त्याने डोन हॅरिसन हा अनुभवी संकलक सोबत घेतला आणि शॉट कसे जुळतील ते त्याच्याकडून शिकला. रागामुळे तो या कामात आला असेल, पण उभा राहिला तो या शिकण्यामुळे. आपल्याकडे गुलजारही आधी बिमल रॉय यांचे सहायक होते. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘मेरे अपने’ त्यानंतरचा, १९७१ चा.

ओळी वाचवायला आलेला लेखक दोन जागी हमखास चुकतो. तो नटाला वाक्य म्हणून दाखवतो. नट तो सूर उचलतो आणि समोरच्याचं ऐकणं बंद करतो. त्याऐवजी ‘याला घराबाहेर काढायचंय तुला’ एवढं सांगावं, सूर नट शोधतो. दुसरी चूक एडिटला होते. प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. नजरेने जे सांगून झालंय तेच पुढची ओळ सांगत असेल, तर ती कितीही आवडती असली तरी काढावी. हे अवघड जातं, म्हणूनच संकलक असा निवडावा जो लेखकाला तोंडावर नाही म्हणेल.

‘संधी द्यावीच लागते.’ नाही. पटकथा विकली की ती घेणाऱ्याची. हॉलिवूडचा पटकथाकार प्रेस्टन स्टर्जेसने ‘द ग्रेट मॅकगिन्टी’ची (१९४०) पटकथा पॅरामाउंट स्टुडिओला १० डॉलरला दिली, ती ‘दिग्दर्शन मी करणार’ या अटीवर. ही अट सही होण्याआधीच मांडावी लागते, नंतर नुसती विनंती उरते. अमेरिकी पटकथाकार एरन सॉर्किनचं लेखन पडद्यावर १९९२ पासून येत होतं, दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट २०१७ चा. आणि नवख्याच्या हाती देता येईल असं ते कथानक हवं: तीन-चार पात्रं, दोन-तीन जागा. बाहेरचे रात्रीचे प्रसंग दिवसा घडवता येतील का, हे लेखकाने लिहितानाच पाहावं. तेव्हा ‘रात्र’ खोडून ‘दिवस’ लिहायला काहीच खर्च येत नाही.