आठ बाय चार, अठरा एमएम

प्राथमिक शाळेच्या गणितात ‘पुढील वस्तूंची लांबी मोजण्यासाठी योग्य एकक निवडा’ असा एक प्रश्न असतो. पेन्सिल सेंटिमीटरमध्ये, फळा मीटरमध्ये आणि पुणे-नाशिक अंतर किलोमीटरमध्ये असे लिहिले की पैकीच्या पैकी गुण मिळतात. हा प्रश्न काढणाऱ्या सद्‌गृहस्थांच्या घरी सुतारकाम कधी निघालेले नसावे, असे माझे नम्र मत आहे. एकक वस्तू पाहून ठरते, हा त्यांचा सिद्धान्त आमच्याकडे भिंतीतले कपाट करायला घेतले त्याच दिवशी मोडीत निघाला. एकक ठरते ते मोजणारा कोण आहे यावरून.

मिस्त्रींनी कोनाड्याला टेप लावला आणि ‘सात फुटाला दोन सूत कमी’ असा निकाल दिला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. मग त्यांनी सामानाची यादी सांगायला घेतली आणि पहिल्याच ओळीला माझी लेखणी थबकली : ‘प्लाय, आठ बाय चार, अठरा एमएम.’ एकाच फळीची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये! लांबी आणि जाडी यांचे आपसांत बोलणे नसावे, तशी ही व्यवस्था आहे. त्या फळीवर चिकटवायचा सनमायका एक एमएम, ड्रॉवरचे चॅनेल अठरा इंची, स्क्रू दीड इंची. आणि हँडल घ्यायला गेलो, तर दुकानदाराने ‘शहाण्णव देऊ की एकशे अठ्ठावीस?’ असे विचारले. ही किंमत असावी अशी आशा क्षणभर वाटली, पण ते हँडलच्या दोन भोकांमधले मिलिमीटरमधले अंतर निघाले. वायरमनचा संसार आणखी निराळा : त्याच्या वायरचे बंडल नव्वद मीटरचे, वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, आणि ती ज्यातून न्यायची तो पाइप मात्र पाऊण इंची.

वास्तविक १९५६ साली संसदेने कायदा करून मीटर आणि किलो देशाला लागू केले. किलोने शेर-छटाकांना बाजारातून पार हुसकावून लावले. मीटरला मात्र फुटाचा केसही वाकडा करता आला नाही. याचे कारण मला कपाटाच्या त्या कोनाड्यासमोर उभे असताना सुचले. शेराने घेतलेली साखर खाऊन संपते आणि पुढच्या वेळी किलोने आणली तरी चहाला काही कळत नाही. परंतु फुटांच्या हिशेबाने बसवलेली चौकट पन्नास वर्षे जागची हलत नाही, आणि नवे दार तिच्यातच बसवायचे असल्यामुळे तेही निमूटपणे फुटांत जन्म घेते. कायद्याचा मान राखायला टीव्हीच्या खोक्यावर १०८ सेंटिमीटर असे ठळक छापलेले असते, पण दुकानातला पोरगा ‘त्रेचाळीस’ एवढेच म्हणतो. तेही माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके घेतलेले असल्यामुळे टीव्ही भिंतीवर मावेल की नाही हे त्यावरून समजत नाही, ही तक्रार कोणाकडे करावी हे मला अजून उमगलेले नाही.

या सगळ्या गोंधळात निश्चिंत होती ती आमची आई. नऊवारीला वार, पोलक्याच्या खणाला हात आणि भाताच्या पातेल्यात तांदळावर पेरभर पाणी, अशी तिची मापे असून त्यांतली बहुतेक अंगावरच असल्याने तिला टेप शोधत घरभर फिरावे लागत नाही. कपाटाबाबत तिची एकच सूचना होती. ‘खालचा खण दोन वीत ठेवा, म्हणजे माझे पिठाचे डबे बसतील.’

‘आजी, वीत कोणाची धरू? तुमची का माझी?’ मिस्त्रींनी विचारले. प्रश्न रास्त होता. आईने पुढे होऊन फळीवर अंगठा टेकवला, करंगळी ताणली, तिथे पुन्हा अंगठा ठेवून दुसरी वीत भरली आणि हात तसाच दाबून धरला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून करंगळीच्या टोकाशी रेघ ओढली, तिला टेप लावला आणि फळीवर ‘सव्वापंधरा’ असे लिहिले.

‘सव्वापंधरा काय?’ आईने संशयाने विचारले.

‘इंच.’

‘ते तुमचे तुम्ही बघा. मला दोन वीत पाहिजे.’

माझी धाकटी मुलगी हा सर्व व्यवहार बारकाईने पाहत होती. टेपवरच्या रेघांवर बोट फिरवत तिने विचारले, ‘काका, सगळ्यांत छोटे माप कोणते?’

‘सूत.’

‘त्याच्यापेक्षा छोटे?’

‘अर्धा सूत.’

‘आणि त्याच्यापेक्षा?’

मिस्त्रींनी सागाची पट्टी उचलली, एक डोळा मिटून तिची कड उजेडात निरखली आणि म्हणाले, ‘त्याच्या खाली मोजत नाहीत, बाळा. रंधा मारतात.’