थर्माकोलचं मखर आणि विशाखापट्टणमचा गॅस एक नव्हे

चवथ जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतो, आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर ह्यावेळी तीनदा आला. "थर्माकोलचं मखर म्हणजे विशाखापट्टणमला माणसं मारणारा स्टायरीन गॅस, उन्हात तापला की घरात पसरतो, आणि थर्माकोल तर पॉलिस्टायरीन, पॉली म्हणजे अनेकपट विषारी." थर्माकोल मलाही नकोच, पण खोटं कारण सांगून नको.

पहिलं म्हणजे 7 मे 2020 ला पहाटे विशाखापट्टणमच्या कारखान्यातून सुटलं ते स्टायरीन, म्हणजे मोनोमर (सुट्या, न जोडलेल्या रेणूंचं रसायन), टाकीत साठवलेलं द्रव. त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडून घ्यायला कायम तयार असतात, आणि जोडले की उष्णता निघते, त्या उष्णतेने आणखी जोडले जातात, म्हणून टाकी थंड ठेवायची आणि आत इनहिबिटर, म्हणजे हे जोडणं रोखणारं रसायन, घालायचं. लॉकडाऊनमध्ये प्लांट बंद, टाकी तापत गेली, वाफ बाहेर पडली, 12 जीव गेले.

थर्माकोलात तेच रेणू हजारोंनी एका साखळीत अडकलेत. इतकी लांब साखळी वाफ होऊन उडूच शकत नाही! पॉली म्हणजे पुष्कळ हे बरोबर, पण पुष्कळ जोडलेले, पुष्कळ विषारी नव्हे. मागे किंचित सुटं स्टायरीन राहतं हे मान्य, पण ते अगदी थोडं.

उन्हाचं म्हणाल तर पॉलिस्टायरीन साधारण 100 अंशाला मऊ पडतं, साखळी तुटून परत स्टायरीन व्हायला 300 च्या आसपास जावं लागतं. तेवढं ऊन नाही, पण आग असते. विसर्जनानंतर मखर परसात जाळतात ना, त्या काळ्या धुरात स्टायरीनही असतं आणि कार्बन मोनॉक्साइडही, मेसेजमध्ये नेमकं हेच नाही. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे ती कचऱ्यामुळे, तो कुजत नाही, चुरा होऊन नदीत जातो.

आणि गोव्यात सुटं स्टायरीन बघायचंच असेल तर फायबरच्या होड्या बनवतात तिथे जा. होडीसाठी वापरतात त्या रेझिनमध्ये, म्हणजे चिकट द्रवात, साधारण तिसरा हिस्सा, कधी जास्तच, स्टायरीन असतं, ते घट्ट करणारा हार्डनर घातला की बरंचसं जोडलं जातं पण काही हवेत उडतं, नाकात जाणारा तो गोडूस उग्र वास त्याचाच. होडी सुकून पाण्यात गेली की मासेमाऱ्याला त्रास नाही, त्रास आहे तो शेडमध्ये दिवसभर रोलर फिरवणाऱ्या पोरांना. 2018 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, स्टायरीनला बहुधा कॅन्सरकारक ठरवलंय. ती पोरं तोंडाला रुमाल बांधतात, रुमालातून ही वाफ सरळ आत जाते, त्यांना कार्बनच्या फिल्टरचा मास्क आणि उघडी, वारा खेळणारी शेड पाहिजे.