आमचा मारिओ सावकाश धावायचा

गेल्या दिवाळीत इचलकरंजीला घरी गेले होते, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमचा व्हिडिओ गेम सापडला. काळी पेटी, दोन रिमोट (एकाची वायर दादाने दातांनी सोलून जोडलेली), आणि एक पिवळी कॅसेट. तिच्या स्टिकरवर '९९९९९९९ इन १' असं छापलंय. खरे वेगळे गेम दहा-बाराच असतील, बाकी तेच पुन्हा पुन्हा, निराळ्या नावांनी. पेटी बॅगेत मावत नव्हती. कॅसेट तेवढी स्वेटरमध्ये गुंडाळून ओसाकाला घेऊन आले.

मी इथे चार वर्षं एकटी राहते आणि एकटीच फिरते. शनिवारी दशम्या, लसणाची चटणी बांधून घ्यायची आणि ट्रेन पकडायची. दशम्या अशासाठी, की इथे साध्या सुपातसुद्धा बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, आणि मी शाकाहारी. कुठे जायचं ते बऱ्याचदा स्टेशनवर ठरतं. पण पाऊस असला की मी ठरलेल्या जागी जाते, निप्पोनबाशीला. ओसाकातला हा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. तिथे जुन्या गेम्सची दुकानं आहेत आणि माझा अर्धा दिवस त्यांत सहज जातो.

तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एका शब्दाने मला थांबवलं. जपानी लोक या वस्तूला 'कासेत्तो' म्हणतात. कॅसेट! इंग्रजी बोलणारे कार्ट्रिज म्हणतात, पण आपल्या गल्लीत आणि जपानच्या गल्लीत एकच शब्द होता. आणखी एक गोष्ट. तिथे एक कॅसेट हातात घेतल्यावर सवयीने मी तिच्या तोंडाशी फुंकर मारली. काउंटरमागचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "फू-फू." इथल्या मुलांनी त्या फुंकरीला दिलेलं नावच आहे ते. फुंकरीने खरं तर काही होत नव्हतं, उलट तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या खराब व्हायच्या. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली म्हणून गेम सुरू व्हायचा. पण तिकडे ओसाकात आणि इकडे इचलकरंजीत मुलं एकाच चुकीवर तितक्याच श्रद्धेने विश्वास ठेवून होती, हे कळल्यावर त्या परक्या दुकानात मला फार बरं वाटलं.

त्या दुकानात एका टोपलीत स्वस्त कॅसेट असतात. स्वस्त का, तर मागे मार्करने मुलांची नावं लिहिलेली. एकीवर नाव आणि खाली 'तिसरी, वर्ग २'. संग्राहकांना ती नकोशी वाटते. मी तीच घेतली, ३०० येनला.

दिवाळीहून परतल्यावर मी जुना 'न्यू फॅमिकॉम' विकत घेतला. मूळ फॅमिकॉम, म्हणजे क्योतोच्या निन्तेन्दो कंपनीचा व्हिडिओ गेम, १५ जुलै १९८३ला १४,८०० येनला बाजारात आला. हे त्याचं १९९३चं रूप, आताच्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरींनी जोडता येणारं. आपल्याकडे घराघरात पोचली ती फॅमिकॉमचीच नक्कल. जपानी कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकेतल्या कॅसेटला ७२. आपल्या नकलेनेही ६० पिनांचीच खाच घेतली होती, त्यामुळे माझी पिवळी कॅसेट इथल्या यंत्रात खटकन बसली.

मारिओ लावला आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. तो भलताच वेगाने पळत होता. जी उडी हातात मुरलेली आहे ती मी मारली आणि पहिल्याच खड्ड्यात गेले. पुन्हा तेच. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीसमोर धरला. गेमच्या गाण्याच्या दोन ओळी ऐकून तो म्हणाला, "हे पळवत का लावलंयस गं?"

मग शोधाशोध केली तेव्हा कारण सापडलं. आपल्या तेव्हाच्या टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगणार. जपानमध्ये ६० वेळा. गेमचं घड्याळ त्या पडद्यालाच बांधलेलं असतं. त्यामुळे जपानी मुलाला ज्या टप्प्याला ५० सेकंद लागायचे, त्याला आम्हाला पूर्ण ६० लागायचे. गाणंसुद्धा त्याच चालीने रेंगाळायचं. दादा आणि मी वीस-पंचवीस वर्षं जी धून गुणगुणतोय ती क्योतोतल्या माणसांनी ज्या लयीत बसवली त्या लयीतली नाहीच. ती आमची लय आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रिमोटकडे बघत बसले. कॉन्ट्रा नावाच्या गेममध्ये धबधबा चढताना दादा पुढे घाई करायचा, पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी मरायचे. "थांब ना रे!" हे वाक्य मी लहानपणी सर्वांत जास्त वेळा तिथे उच्चारलं असेल. इथे मी एकटीने तो धबधबा चढले. कुणासाठी थांबावं लागत नाही आणि कुणी थांबतही नाही. इथलं राहणं कसं आहे असं लोक विचारतात, तेव्हा मला आता हेच आठवतं.

संग्राहकांच्या गप्पांत आपल्या या पेट्यांना 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला सारतात, तेव्हा मला वाईट वाटतं. नक्कल होती, हे मी लपवणार नाही. ज्यांची मेहनत होती त्यांना त्यातून काही मिळालं नाही, हेही खरं. फॅमिकॉम घडवणारे मासायुकी उएमुरा पुढे क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते, २०२१मध्ये ते गेले. भेटले असते तर मी वाकून नमस्कारच केला असता. नकलेत काही हरवतही होतं. कॉन्ट्राच्या जपानी कॅसेटमध्ये तो गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीने एक जादा चिप घातली होती, त्यामुळे पहिल्या जंगलात झाडांची पानं हलतात. आमच्या कॅसेटमधली झाडं स्तब्ध होती. दुकानातल्या टीव्हीवर ती पानं हलताना पाहिली तेव्हा मी शेवटपर्यंत उभी राहिले. पण आमचं बालपण त्या न हलणाऱ्या झाडांखाली गेलं, आणि तेवढंच ते खरं आहे.

क्योतोजवळच्या उजीला, ओगुरा स्टेशनपाशी, निन्तेन्दोने आपल्या जुन्या कारखान्यात संग्रहालय उघडलंय, २ ऑक्टोबर २०२४ला. तिकिटासाठी सोडतीत नाव लागावं लागतं. मी गेले, आणि काचेमागे मांडलेल्या पेट्यांसमोर बराच वेळ रेंगाळले. त्यांनी आपली एकेक वस्तू जपली आहे. आपली काळी पेटी ते ठेवणार नाहीत आणि त्यांनी का ठेवावी? ते काम आपलं आहे. नागपूरच्या, सोलापूरच्या, मालवणच्या पोरांनी काय खेळलं, किती रुपयांना घेतलं, तासाला किती पैसे देऊन कुणाच्या दुकानात बसून खेळलं, याची नोंद आपण केली नाही तर कुठेच राहणार नाही. आता या वस्तू भंगारात चालल्या आहेत. बदकं मारायच्या गेमची बंदूक तर जुन्या डब्बा टीव्हीशिवाय चालतच नाही, आणि ते टीव्ही आधीच गेले.

म्हणून विनंती आहे. घरी असेल तर माळ्यावर बघा. पेटीचा, कॅसेटच्या स्टिकरचा आणि मागच्या बाजूचा फोटो काढून या लेखाखाली टाका. गाव, साधारण साल, आठवत असेल तर किंमत, आणि कुणाबरोबर खेळायचात ते लिहा. कॅसेटवरचं नाव पुसलेलं असलं तरी चालेल.

दादा, तूसुद्धा. आणि ती ट्रंक आईला भंगारवाल्याला देऊ देऊ नकोस. मी मे महिन्यात येतेय.