साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही

माझ्या बायकोच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला, त्याला आता दीड वर्ष होईल. या काळात एकच मेसेज मला निरनिराळ्या नातेवाइकांकडून येत राहिला: ‘फुप्फुसाचा कॅन्सर मारत नाही, उपचार मारतात. बायोप्सी करू नका, सुई लागली की गाठ पसरते. साखर, दूध, गहू बंद करा, गाठ उपाशी मरेल. केमो म्हणजे विष. पेशंटला आजाराचं नाव सांगू नका. स्कॅन स्वच्छ आलं की हॉस्पिटलची पायरी चढू नका.’ पाठवणारे सगळे आमच्यावर जीव लावणारे, म्हणून मी गप्प राहिलो. परवा तोच मेसेज आमच्या ओळखीच्या एका जोडप्याकडे पोचला. मंगळवारी त्यांची बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, आहे आणि ती रद्द करावी का, असं ते विचारत होते.

करू नका रद्द. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळ. खरा धोका आहे तो छातीत हवा साठण्याचा, म्हणून तर नंतर काही तास झोपवून ठेवतात आणि एक्स-रे काढतात. ‘बायोप्सीनंतर पसरला’ असं वाटतं, कारण हा आजार बहुतेकांना उशिरा कळतो. तो आधीच पसरलेला असतो, तपासणीत फक्त दिसतो. माझ्या बायकोने जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही. तरी गाठ निघाली आणि बायोप्सीच्या तुकड्यातच ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. आपल्याकडे ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात साधारण दर चौथ्या पेशंटमध्ये तो असतो. आज ती जी गोळी घेते, ती त्या तुकड्यामुळे मिळाली.

साखरेचं मला जास्त सांगायचंय, कारण तिथे मी स्वतः फसलो. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात, हे खरं आहे. ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाने ते 1920च्या दशकातच दाखवलं, आणि कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारं पेट स्कॅन त्याच गुणावर चालतं. पण आपण गोड खाल्लं नाही म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करतं, आणि पोटात काही नसेल तर त्यासाठी स्नायू झिजवतं. मी हिचा चहा बिनसाखरेचा केला, पोळी बंद केली, दूध बंद केलं. तीन आठवड्यांत तिचं वजन चार किलो उतरलं. जिन्याच्या सहा पायऱ्यांवर ती बसायला लागली. आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘भूक नसलेल्या माणसाच्या ताटातून तुम्ही आणखी काय काढणार आहात?’ त्या दिवसापासून दर दोन तासांनी थोडं थोडं सुरू केलं: मऊ वरणभात, अंडं, पनीर, शेंगदाण्याचा लाडू. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडने साखर चढते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सांभाळावीच लागते.

केमो कठीण असते, मी नाकारणार नाही. ती भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात रक्त बनवणाऱ्या पेशीही आल्या. म्हणून ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की रात्री दोन वाजताही हॉस्पिटलला फोन करायचा, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. पण ‘उपचार मारतात’? ऑपरेशन झालेल्या, ईजीएफआरमध्ये बदल असलेल्या पेशंटना तीन वर्षं ऑसिमर्टिनिब ही गोळी देऊन पाहिलेल्या अभ्यासाचे आकडे 2023मध्ये आले. पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्या शंभरातले 88 जण हयात होते, न घेणाऱ्यांतले 78. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी केमोही घेतली होती.

नाव लपवणं तर मला जमलंच नाही. रिपोर्ट मी स्कूटरच्या डिकीत ठेवायचो. एक दिवस ही म्हणाली, ‘त्या वॉर्डवरची पाटी मलाही वाचता येते हो.’ तोवर ती रात्रीचा खोकला उशीत दाबत होती, मला त्रास नको म्हणून. लपवालपवी दोन्हीकडून चालली होती, आणि डॉक्टरांपर्यंत लक्षणं पोचतच नव्हती.

स्कॅन स्वच्छ आल्यावर तर जास्त जागं राहायला हवं. आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक, म्हणून आमचं सीटी दर सहा महिन्यांनी ठरलेलं आहे. मधल्या काळात नवी डोकेदुखी, न थांबणारी पाठदुखी, वाढता दम हे सगळं मी वहीत तारखेनिशी लिहितो. गोळीने नखांच्या कडा सुजतात, जुलाब होतात, तेही लिहितो.

मंगळवारी जाणाऱ्यांनी जुन्या सीटीची सीडी आणि चालू औषधांची यादी सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे आजच फोन करून विचारा. आणि काढलेला तुकडा ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांना पुरेल ना, हेही विचारा.