वरचा एक रुपया

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. गतिरोधक आपलं म्हणायचं; खरं तर तो शेताचा बांध आहे, फक्त सिमेंटचा. भारतीय रस्ते काँग्रेसनं ठरवून दिलेल्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी हलकेच चढते, हलकेच उतरते. आमचा मी मुलीची कंपासमधली पट्टी लावून मोजला. उंची १७ सेंटिमीटर, रुंदी देवळाच्या पायरीएवढी. स्कूटर वर गेली की पुढचं चाक पलीकडे, मागचं अलीकडे आणि मधला पत्रा सिमेंटवर, अशी तिची कावड होते. गॅसवाला टेम्पो अलीकडेच थांबवून सिलिंडर गडगडत आणतो. सासूबाई तर रिक्षा तिथवर आली की खाली उतरतात, बांध चालत ओलांडतात आणि पुढे जाऊन पुन्हा त्याच रिक्षात बसतात.

तो बांधताना कुणी पाहिलं नाही. एका सोमवारी सकाळी होता, एवढंच.

"अरे, माहितीचा अधिकार टाक," समोरचे नाना म्हणाले. नाना पोस्टातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून ते देशाच्या कारभाराकडे बघतात. "दहा रुपयांत सरकार हलतं. केंद्राचा कायदा आला २००५ साली, आपल्या महाराष्ट्राचा त्याच्याही आधी, २००२ चा. तिकडे राजस्थानात ब्यावरला लोक याच हक्कासाठी चाळीस दिवस धरणं धरून बसले होते, १९९६ मध्ये. आणि तुला साधा अर्ज होत नाही?"

चाळीस दिवसांपुढे दहा रुपयांची काय कथा, असं वाटून मी पेटलो. नाना म्हणाले, "फार काही नाही, अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावायचं." चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाच्या तोंडी तिकीट हा शब्द आला की माणूस पोस्टातच जाणार. मी गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "रेव्हेन्यू का?" सरकारी काम आहे म्हटल्यावर रेव्हेन्यूच असणार, म्हणून मी "हो" म्हणालो. एकेक रुपयाची दहा तिकिटं मिळाली. सलग पट्टी, सुबक दातऱ्या. पाकिटात जपून ठेवली.

मग अर्ज. मी शाळेत मराठी शिकवतो. रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि एकटाकी अर्ज लिहिला. सुरुवातीला नागरी जीवनातल्या रस्त्यांचं स्थान, मधे सासूबाईंचा प्रसंग, शेवटी तीन प्रश्नचिन्हं. लिहून झाल्यावर नानांनी कळवलं की महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत हवा आणि विषय एकच हवा. २०१२ पासूनचा नियम आहे. मी मोजले. चारशे बारा.

त्याच २०१२ साली केंद्रानंही नियम केले, त्यात पाचशे शब्दांची मुभा आहे. म्हणजे हाच बांध केंद्र सरकारनं घातला असता तर माझ्या सासूबाई अर्जात बसल्या असत्या. (त्याच नियमांत फ्लॉपीवर माहिती हवी असेल तर पन्नास रुपये असाही दर आहे. २०१२ साली फ्लॉपी. लिहिणाऱ्याच्या घरी अजून असावी.)

"तुम्ही मुलांना सांगता ना, दीडशे शब्दांत निबंध लिहा म्हणून?" बायकोनं लाल पेन घेतलं. "आता भोगा." पहिला परिच्छेद तिनं पूर्ण काढला. सासूबाई म्हणजे तिचीच आई, तीही निघाली. उरलं ते सगळं "हा गतिरोधक इथे का बांधला?" या प्रश्नाभोवती होतं, तर नाना म्हणाले, "का विचारायचं नाही." मला वाटलं हा नानांचाच नियम आहे. पण खरंच तसं आहे. माहिती म्हणजे कार्यालयात असलेली माहिती. 'का'चं उत्तर त्यात येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये म्हटलंय. गंमत अशी की आपण माहिती का मागतोय हेही त्यांना आपल्याला विचारता येत नाही, ते कायद्यातच आहे. दोन्ही बाजूंनी 'का' बंद. एखाद्या जुन्या संसारासारखं. शेवटी जोडपत्र 'अ'मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, मी मंजुरीच्या आदेशाची प्रत, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद मागितली. एकशे सेहेचाळीस शब्द. चार शिल्लक होते, ते 'आपला नम्र नागरिक असा' यात घालवले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आवक-जावकच्या मॅडमनी माझा अर्ज हातात घेतला आणि खाली ओळीनं चिकटवलेली दहा तिकिटं बघून त्या काही वेळ बोलल्याच नाहीत.

"काका, हे पावतीवर लावायचं तिकीट. आपल्याला कोर्ट फी लागते."

"मग रोख घ्या. नियमात रोख चालते."

"चालते की. पण पावती पुस्तक संपलंय. छापायला टाकलंय."

"ऑनलाइन?"

"ऑनलाइनला आमचं ऑफिस अजून दिसत नाही, काका."

तिकिटं मी नखानं हलकेच सोडवली. डिंक बरा नव्हता, त्यामुळे दहाच्या दहा शाबूत निघाली. ती परत पाकिटात गेली.

कोर्ट फी तिकीट मिळतं तहसीलच्या आवारात. तिथे कडुनिंबाखाली एक मुद्रांक विक्रेते बसतात. टेबलाचा एक पाय विटेवर, समोर शाईचं पॅड, आणि मागे माणसांची रांग कुंपणापर्यंत. उत्पन्नाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजच्या मुली, एक नवरदेव. सव्वा तासानं माझा नंबर आला.

"दहाचं एक."

"पंधरा."

"दहाचं म्हणतोय मी."

"दहाचंच पंधराला. आम्हाला सुट्टे ठेवावे लागतात ना."

मी वीसची नोट दिली. त्यांनी पाच परत दिले. माझ्या सुट्ट्यांचा प्रश्न त्यांनी पाच रुपयांत सोडवला होता, तेवढं मानावं लागेल. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच: सरकारी कारभार उजेडात आणायच्या माझ्या लढ्याची सुरुवात वरचे पाच रुपये देऊन झाली, आणि त्याची पावती नाही.

अर्ज गेला. पोच मिळाली. तीस दिवसांची मुदत असते. मी कॅलेंडरवर खुणा करू लागलो. नानांनी एक गोम सांगून ठेवली होती: तीस दिवस उलटले की माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७ च्या ६ खाली. दरमहा वीज मंडळाला मुदतीत बिल भरणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची मुदत चुकावी म्हणून देवाला हात जोडत होतो. विसावा दिवस गेला. पंचविसावा गेला. अठ्ठाविसाव्याला मी शाळेत पेढे वाटायच्या बेतात होतो.

एकोणतिसाव्या दिवशी रजिस्टर पत्र आलं.

पाकिटावर पंचवीस रुपयांच्या वरची तिकिटं. आत एक कागद: आपण मागितलेली माहिती २ पृष्ठांची आहे, प्रति पृष्ठ २ रुपये याप्रमाणे ४ रुपये कार्यालयात भरावेत. असं पत्र निघालं की ते पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, हेही कायद्यातच आहे. कबड्डीत रेषेला बोट लावून परतावं तसं एका दिवसानं सरकार सुटलं होतं. दराबद्दल मात्र माझी तक्रार नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पानाला तीन घेतो. सरकारचे २००५ पासून दोनच आहेत. एवढ्या वर्षांत न वाढलेली दुसरी गोष्ट म्हणजे माझी वेतनश्रेणी.

चार रुपये भरायला अर्धी रजा काढून गेलो. आता पावती पुस्तक छापून आलं होतं. रोखपाल तरुण होते, चश्मा, नीट भांग.

"क्यूआर कोड आहे ना तो?"

"तो घरपट्टी-पाणीपट्टीचा. त्यात भरलंत तर तुमची घरपट्टी चार रुपये जादा जमा होईल."

माझ्याकडे पाचचं नाणं होतं. दिलं आणि मोठ्या मनानं म्हणालो, "वरचा एक राहू द्या."

त्यांचं पेन थांबलं. मागच्या टेबलावरचा टाइप करायचा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

"राहू द्या म्हणजे? पावती चारची. रोख पाच. संध्याकाळी कॅश मोजली की एक रुपया जादा. तो मी कुठल्या शीर्षाखाली घेऊ? ऑडिटला काय सांगू?"

"मग चार घ्या आणि एक परत द्या."

"सुट्टा नाही."

शिपायाला खाली चहावाल्याकडे पाठवलं. तो रुपयाऐवजी एक चॉकलेट घेऊन आला. रोखपालांनी ते काउंटरवर ठेवलं. आम्ही दोघं त्या चॉकलेटकडे बघत होतो. मी घ्यायला तयार होतो, खरं सांगतो. पण ते म्हणाले, "शासकीय रकमेचा परतावा वस्तुरूपानं करता येत नाही," आणि चॉकलेट शिपायानं खाल्लं. माझ्या पावतीच्या मागे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: '१ रु. देय.' खाली सही, तारीख.

मला राग यायला हवा होता. पण कडुनिंबाखालचा माणूस पाच रुपये वर घेताना डोळा लववत नाही आणि हा एका रुपयासाठी घामाघूम होतो, हे बघून मला तो रोखपाल फार आवडला.

चार दिवसांनी माहिती हातात पडली. दोन पानं, दोन्हीवर गोल शिक्का. पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'उक्त ठिकाणी या कार्यालयामार्फत गतिरोधक बांधण्यात आल्याबाबतचा कोणताही अभिलेख आढळून येत नाही.' दुसरं पान उत्सुकतेनं उलटलं. अक्षर ओळखीचं वाटलं. माझाच अर्ज होता. झेरॉक्स, साक्षांकित. माझे एकशे पन्नास शब्द मला दोन रुपयांना विकले होते, नम्र नागरिकासकट.

मी बांधकाम विभागात गेलो. तिथले अभियंता खरोखर सज्जन, खुर्ची दिली.

"तुमचा नाही ना तो? मग काढून टाका."

"सर, जो रेकॉर्डला नाही तो काढायचा कसा? काढायचं अंदाजपत्रक करायचं तर आधी तो असल्याचं दाखवावं लागेल. असल्याचं दाखवायचं तर बांधल्याचं दाखवावं लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बांधल्याचं दाखवलं तर कुणीतरी त्याचं बिल लावेल हो."

नाना म्हणाले, "अपील कर! पहिलं अपील, जोडपत्र 'ब'. वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट." केंद्राच्या कार्यालयांत अपिलाला फी नाही, आपल्याकडे आहे. दुसऱ्या अपिलालाही पुन्हा वीस. कडुनिंबाखाली विसाचं तिकीट केवढ्याला पडेल, याचा मी हिशेब करत होतो, तेवढ्यात बायकोनं कालनिर्णयचं पान उलटून दाखवलं. मागे दुधाच्या हिशेबाशेजारी तिनं 'गतिरोधक' असा मथळा घालून सगळं मांडलं होतं. रेव्हेन्यू तिकिटं १०, कोर्ट फी १५, झेरॉक्स १२, पेट्रोल १५०, नानांचा चहा २०, माहिती ४. एकूण २११. खाली रेघ मारून: 'येणे १.'

अपील राहिलं. नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात शाळेत निरोप आला, तोही शिपायाबरोबर, भर तासाला: "कॅशियरसाहेबांनी बोलावलंय. ऑडिट लागलंय. तुमचा रुपया घेऊन जा." वर्गातल्या मुलांनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

गेलो. रोखपालांनी ड्रॉवरमधून एक नवंकोरं नाणं काढलं, काउंटरवर ठेवलं, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं. "इथं सही. पैसे मिळाले म्हणून." मी पेन टेकवणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. पावती आहे ना ही. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागेल."

मी खिशातलं पाकीट काढलं. पट्टीतलं एक तिकीट दातऱ्यांवरून अलगद फाडलं, जिभेला लावलं, रजिस्टरवर चिकटवलं आणि अर्धी सही तिकिटावर, अर्धी कागदावर अशी केली.

"वा," रोखपाल म्हणाले, "तयारीनं आलात."

संध्याकाळी बायकोनं कालनिर्णयच्या मागचं 'येणे १' खोडलं. त्याखाली लिहिलं: 'रेव्हेन्यू तिकिटं, शिल्लक ९.'