पडद्याचा फोटो स्वच्छ आला म्हणून गोळ्या बंद करू नका

गेले काही आठवडे ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश फिरतो आहे. डोळ्याच्या पडद्याचा एक फोटो काढला की स्ट्रोक येणार की नाही हे कित्येक वर्षे आधी कळते. ज्यांना एकदा स्ट्रोक येऊन गेला आहे त्यांनी तर तो जरूर काढावा. फोटो स्वच्छ असेल तर मेंदूच्या नसाही स्वच्छ आहेत असे समजावे, एमआरआयचा खर्च करू नये आणि आयुष्यभर गोळ्या घेत बसू नये, असा त्याचा सारांश आहे. मी नौपाड्यातील एका नेत्र दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि पडद्याचे फोटो काढणे हे माझे रोजचे काम आहे. या तपासणीविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवले जाताना गप्प राहवत नाही.

संदेशाच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे, हे आधी मान्य करायला हवे. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूच्याच भागातून तयार होतो, आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीचीच एक शाखा डोळ्याकडे वळून पुढे पडद्याला रक्त पुरवते. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की पडद्यावरच्या धमनिका, म्हणजे अगदी बारीक धमन्या, अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड होऊन तांब्याच्या तारेसारख्या चकाकू लागतात, आणि धमनिका जिथे शिरेला ओलांडते तिथे शीर चिमटीत धरल्यासारखी दिसते. हे बदल नेमके काय सुचवतात याचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतील एआरआयसी या मोठ्या पाहणीत 51 ते 72 वयाच्या 10,358 जणांच्या पडद्याचे फोटो तपासून पुढे सरासरी साडेतीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. ज्यांच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव, कापसासारखे ठिपके अशा खुणा होत्या त्यांच्यात, रक्तदाब आणि मधुमेह हिशेबात धरूनही, स्ट्रोकचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. हा निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

मात्र जोखीम वाढलेली असणे आणि "येणार की नाही हे कळणे" या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि संदेशाची पहिली चूक इथेच आहे. त्याच पाहणीत साडेतीन वर्षांत स्ट्रोक आला तो एकंदर 110 जणांना, म्हणजे शंभरात जेमतेम एकाला. अलीकडचा, 2025 साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास घेतला तर चित्र आणखी स्पष्ट होते, आणि सध्याच्या संदेशांना खतपाणी बहुधा त्यावरच्या बातम्यांनीच घातले असावे. यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-पाहणीतील 45,161 जणांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची जाडी, दाटी, वळणे अशी शंभराहून अधिक मोजमापे संगणकाने घेतली. त्यांपैकी 29 मोजमापांचा स्ट्रोकशी संबंध दिसला. सुमारे साडेबारा वर्षांत 749 जणांना स्ट्रोक आला. रक्तवाहिन्यांच्या दाटीतील बदलामागे जोखीम साधारण 10 ते 19 टक्क्यांनी वाढत होती. हे आकडे बातमीत भारी वाटतात, पण हिशेब मांडून पाहावा: हजारात सुमारे 17 जणांना स्ट्रोक येत असेल, तर 19 टक्के वाढीनंतर तो सुमारे 20 जणांना येईल, आणि उरलेल्या 980 जणांना त्या साडेबारा वर्षांत येणार नाही. लोकसमूहासाठी हा फरक मोलाचा आहे. पण माझ्यासमोर हनुवटी टेकवून बसलेली एक व्यक्ती त्या वीसांत आहे की उरलेल्यांत, हे तो फोटो सांगत नाही. शिवाय वय आणि लिंग यांच्या जोडीला ही मोजमापे घेतल्यावर जो अंदाज येतो, तो रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशा नेहमीच्या घटकांवरून येणाऱ्या अंदाजाच्या तोडीचा असतो, त्याच्या पलीकडचा नव्हे. आणि हा सारा अभ्यास आधी स्ट्रोक न आलेल्या, बहुतांशी गोऱ्या ब्रिटिश लोकांवरचा आहे. ज्यांना स्ट्रोक येऊन गेला आहे त्यांना त्यावरून दिलासा देणे चुकीचे आहे.

आता ज्या विधानामुळे हे लिहायला घेतले त्याकडे येते: फोटो स्वच्छ, म्हणजे मेंदूच्या नसा स्वच्छ. काही दिवसांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात राहणारे निवृत्त गृहस्थ पत्नीसह आले होते. त्यांना वर्षभरापूर्वी स्ट्रोक आला होता. संकुलातील शिबिरात काढलेला फोटो स्वच्छ निघाला म्हणून दोन आठवडे त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी घेतली नव्हती. कॅमेऱ्यासमोर त्यांचे डोके सारखे उजवीकडे वळत होते, म्हणून पत्नीने मागून दोन्ही हातांनी ते सरळ धरले आणि मी फोटो काढला. पडदा खरोखरच छान होता: धमनिका सरळ, शिरांवर कुठेही चिमटा नाही, एकही डाग नाही. "मॅडम, पडदा साफ आहे ना, मग त्या गोळ्या कशाला?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना समोरच्या तक्त्यावरची पाच अक्षरांची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी उजवीकडची तीनच अक्षरे वाचली. डावा डोळा झाकला तरी तीच तीन, उजवा झाकला तरी तीच तीन. डावीकडे आणखी अक्षरे आहेत हे त्यांना जाणवतही नव्हते. डोळे निर्दोष होते. मेंदूच्या उजव्या बाजूचा, डावीकडचे दृश्य उमगून घेणारा भाग वर्षभरापूर्वीच निकामी झाला होता, आणि माझ्या कॅमेऱ्याला त्यातले काहीही दिसले नव्हते.

दिसणारही नव्हते, कारण त्यांच्या फाइलीतल्या नोंदीप्रमाणे त्यांचा स्ट्रोक हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे आलेला होता. ठोके विस्कळीत झाले की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते, आणि तिचा तुकडा सुटून मेंदूच्या एखाद्या धमनीत अडकतो. पडद्यावरच्या सर्वांत जाड धमनिका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. मेंदूतील ज्या प्रमुख धमनीत अशा गुठळ्या बहुधा अडकतात ती सुमारे तीन मिलिमीटरची असते. मानेतल्या धमनीत साचलेला चरबीचा थर, हृदयातली गुठळी, ठोक्यांची लय यांपैकी काहीही पडद्याच्या फोटोत मोजले जात नाही. कधीकधी कोलेस्टेरॉलचा पिवळट चकाकता कण धमनिकेत अडकलेला दिसतो आणि मग आम्ही मानेच्या धमनीची तपासणी तातडीने करायला सांगतो. पण असा कण न दिसणे म्हणजे मानेतली धमनी मोकळी असणे नव्हे. पडद्याच्या खुणा जास्त जवळच्या आहेत त्या मेंदूतील अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराशी, आणि स्ट्रोकच्या अनेक प्रकारांपैकी तो एक आहे. गोळी चालू ठेवायची की नाही, हे पहिला स्ट्रोक कशामुळे आला त्यावर ठरते आणि तो निर्णय मेंदूविकार किंवा हृदयविकार तज्ज्ञांचाच असतो. त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

"संगणकाला फोटोवरून वयसुद्धा ओळखता येते, मग तो चुकेल कसा?" असाही एक युक्तिवाद संदेशात आहे. गूगलच्या संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले की पडद्याच्या फोटोवरून वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगता येते. त्याच शोधनिबंधात वरचा रक्तदाब मात्र सरासरी 11 अंकांनी चुकला होता. दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत जो आकडा कळतो, त्याचा असा अंदाज कशाला घ्यायचा?

एमआरआयची किंवा सीटी स्कॅनची जागा हा फोटो घेऊ शकत नाही, यावर फार लिहायची गरज नाही. स्ट्रोक आल्यावर पहिला प्रश्न असतो तो गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे हा, कारण एकाचे औषध दुसऱ्यासाठी घातक ठरते. त्याचे उत्तर मेंदूचे चित्रच देते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

याला लागूनच एक गोष्ट सांगायला हवी, कारण संदेश वाचून लोक नेमके उलट करू लागले आहेत. एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता जाणे हा पडद्याच्या धमनीतला अडथळा असू शकतो. 2013 पासून अमेरिकेतील हृदय आणि स्ट्रोकविषयक संघटनांच्या व्याख्येत तो स्ट्रोकच गणला जातो. नजर काही मिनिटे जाऊन परत आली तरी त्याचे गांभीर्य कमी होत नाही. अशा वेळी "पडद्याचा फोटो काढायचा आहे, उद्याची वेळ द्या" असे फोन आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही वेळ देत नाही; 108 ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात आत्ताच जा, नजर किती वाजता गेली ते तिथे पोहोचताच सांगा, एवढेच सांगून फोन ठेवतो.